किनाऱ्यावरचा म्हातारा राजा

होमरच्या 'ओडिसी'त, अकराव्या सर्गात, तिरेसियस नावाचा आंधळा द्रष्टा ओडिसियसला, म्हणजे पुढे जगानं युलिसिस म्हणून ओळखलेल्या वीराला, एक विलक्षण भविष्य सांगतो. तू घरी पोहोचशील, शत्रूंचा निकाल लावशील, पण तेवढ्यानं तुझी सुटका नाही. खांद्यावर वल्हं घे आणि समुद्राकडे पाठ करून चालत राहा. ज्यांनी समुद्र पाहिला नाही, ज्यांच्या अन्नात मीठ नाही, जहाज ज्यांना ठाऊक नाही, अशांच्या मुलखात जा. वाटेत भेटलेला कोणी तुझं वल्हं पाहून त्याला धान्य उपणायचं अवजार समजेल. तिथंच ते जमिनीत रोव, समुद्रदेवाला बळी दे आणि मग परत फीर.

हा मुलूख मला नेहमी आपलाच वाटत आला आहे. अकोला-अमरावतीहून समुद्र शेकडो मैल दूर. खळ्यावर वाऱ्याची वाट पाहत सुपानं उपणणी करणारी माणसं कालपरवापर्यंत इथल्या प्रत्येक गावात होती. मीठ मात्र आपल्याला पाण्यातूनच मिळालं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ते विहिरीतच उतरलेलं असतं. अशा या प्रदेशात आल्फ्रेड टेनिसनची 'युलिसिस' ही कविता वर्गातून पोहोचली. अमरावतीत 1923 साली किंग एडवर्ड कॉलेज निघालं, त्याचंच पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. इंग्रजी काव्याचं शिक्षण अशा कॉलेजांमधूनच आपल्याकडे रुजलं. समुद्र न पाहिलेल्या माणसांनी समुद्रवेड्या राजाचं मनोगत वाचावं, यात मला काही विपरीत वाटत नाही. उलट दुरून ऐकताना त्याच्या बोलण्यातला समुद्र बाजूला होतो आणि माणूस जास्त स्पष्ट दिसतो.

टेनिसननं होमरची ही समुद्राकडे पाठ फिरवणारी वाट घेतली नाही. त्यानं दान्तेचा युलिसिस घेतला, 'इन्फर्नो'च्या सव्विसाव्या सर्गातला: घराची, मुलाची, बायकोची ओढ ज्याला थांबवू शकत नाही आणि जो म्हाताऱ्या सोबत्यांना घेऊन माणसाला घालून दिलेल्या सीमेपलीकडे जातो. दान्तेनं त्याला नरकात टाकलं आहे. टेनिसननं त्याला न्यायासनासमोर उभंच केलं नाही, फक्त बोलू दिलं. सत्तर ओळी, यमक नाही, एकाच माणसाचं बोलणं.

ही कविता लिहिताना कवी चोवीस वर्षांचा होता. 1833च्या सप्टेंबरात त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात अचानक वारला आणि पुढच्याच महिन्यात 'युलिसिस' लिहिली गेली. छापून आली 1842मध्ये, व्हिक्टोरिया राणी गादीवर बसल्यानंतर. म्हणून तिला व्हिक्टोरियन म्हणायचं. पण तिचा जन्म त्या राज्याच्या आधीचा आणि एका मृत्यूच्या अगदी लगतचा आहे. म्हातारपणाची इतकी प्रसिद्ध कविता एका तरुणानं लिहिली, याचं आश्चर्य मला आता वाटत नाही. ज्याच्या हाताशी असलेलं सगळं एका दिवसात मागं पडलं, त्याला वयाच्या चोविसाव्या वर्षीही आपण उरलेलं आयुष्य जगतो आहोत असंच वाटणार.

सुरुवातीच्या पाच ओळी कंजूष आहेत. विझल्यासारखी चूल, ओसाड खडक, वयस्कर बायको, ओबडधोबड प्रजा. राजा त्यांची यादी करतो आणि प्रत्येकावर एकेक रुक्ष विशेषण ठेवतो. जिनं वीस वर्षं वाट पाहिली, दिवसा विणलेलं रात्री उसवून मागणीदारांना थोपवलं, ती पेनेलोपी इथं नावानंसुद्धा येत नाही. प्रजा साठवते, झोपते, खाते आणि मला ओळखत नाही, अशी त्याची तक्रार. हे वाचताना मला त्याचा राग येतो, आणि तो यावा अशीच रचना आहे असं मी मानतो. टेनिसन आपल्या नायकाला सुरुवातीलाच उणा दाखवतो. घरात परत आलेल्या माणसाला घर असंच दिसतं, हे तो लपवत नाही.

सहाव्या ओळीपासून मात्र वाक्यं लांबतात, एका ओळीतून दुसरीत वाहत जातात. युद्ध, नगरं, माणसं, वादळं आठवू लागताच त्याचा श्वास मोठा होतो. याच भागात तो अनुभवाला कमान म्हणतो: तिच्यातून न पाहिलेला प्रदेश दिसतो आणि आपण पाऊल टाकलं की त्याची कड मागं सरते. मॅथ्यू आर्नल्डनं या तीन ओळींबद्दल म्हटलं होतं, की त्यांना जवळजवळ 'इलियड'च्या एका अख्ख्या सर्गाइतका वेळ लागतो. लयीला त्यानं दोष दिला नाही, ही चाल होमरच्या चालीहून वेगळी एवढंच त्याचं म्हणणं. मला तीच या भागाची ताकद वाटते. पुढे जाण्याची भाषा बोलणाऱ्या माणसाची चाल इथं मंदावलेली आहे. बोलतो तरुणासारखा, चालतो म्हाताऱ्यासारखा. तो ज्ञानाचा पाठलाग करू पाहतो, पण उपमा देतो ती मावळत्या ताऱ्याची. क्षितिजाखाली निघालेल्या गोष्टीमागं जायचं, तर स्वतःलाही क्षितिजाखाली जावं लागेल हे त्याला ठाऊक आहे.

मग येतो टेलिमॅकस. राजदंड आणि बेट मुलाच्या हाती. मुलगा शहाणा आहे, धीराचा आहे, उग्र लोकांना हळूहळू माणसाळवेल, कुलदेवतांची पूजा चुकवणार नाही. बापाच्या या स्तुतीत प्रेम किती आणि सुटल्याचा आनंद किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. शेवटी तो दोन तुटक वाक्यांत हिशेब मिटवतो: त्याचं काम तो करतो, माझं मी. इथं मी प्रत्येक वेळी थांबतो, कारण इथं मला गाडगेबाबा आठवतात.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 1876, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात. वाढले मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात मामाच्या घरी. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडलं. मागं आई होती, बायको होती, लेकरं होती. मागं राहिलेल्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते जाणंही युलिसिसच्या जाण्याइतकंच कठोर. पण टेनिसनचा राजा जे काम मुलाच्या गळ्यात घालून निघतो, खडबडीत लोकांमध्ये राहून त्यांना रोज थोडं थोडं पुढे नेण्याचं, तेच काम करायला बाबा बाहेर पडले. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून माणसांची डोकी झाडायची. पूर्णाकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट उभा केला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि मुक्कामाची जागा स्वतःसाठी कुठंच ठेवली नाही. आमच्या परंपरेत म्हातारपणी घर सोडणं म्हणजे वानप्रस्थ, कमी कमी होत जाणं. युलिसिस निघतो तो आणखी मिळवायला. बाबांची वाट या दोन्हींहून निराळी: चालणं आयुष्यभर, आणि ते दुसऱ्यांसाठी. ऐंशी वर्षांचे असताना, 1956च्या नोव्हेंबरात त्यांनी वांद्र्याला कीर्तन केलं. 20 डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, अमरावतीला येत असताना मोटारीतच ते गेले.

परतवाड्यात 1916 साली जन्मलेले गो. नी. दांडेकर या बाबांच्या सहवासात राहिले आणि त्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं. त्यांनीही कोवळ्या वयात घर सोडलं होतं, नर्मदेची परिक्रमा केली होती, आणि उतारवयातही त्यांची पावलं गडांकडे वळत. वऱ्हाडाच्या मातीत ही चालण्याची ओढ आहे. तिला समुद्र लागत नाही.

बाबांना आठवलं की टेलिमॅकसच्या ओळी माझ्यापुरत्या उलट होतात. ज्या कामाला राजा सामान्य समजतो, तेच मोठं साहस असू शकतं. टेनिसनला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मुलाचा भाग त्यानं मुद्दाम सपाट, सरळ, अलंकाराविना लिहिला आहे, आणि तो सपाटपणा आदराचा आहे.

शेवटचा भाग बंदरावर घडतो. शिडात वारा भरला आहे, खडकांवर दिवे लागत आहेत, चंद्र चढतो आहे. ओळींमध्ये एका अक्षराचे जड, दीर्घ स्वरांचे शब्द ओळीनं येतात. मोठ्यानं वाचा, जीभ आपोआप संथ होते. आणि इथं तो सोबत्यांना हाक मारतो. होमर वाचलेल्याला इथं धक्का बसायला हवा. युलिसिस घरी परतला तेव्हा एकटाच होता, त्याचे सगळे सोबती वाटेत मेले होते. मग हे म्हातारे खलाशी कोण? दान्तेकडून आलेले, असं उत्तर देता येतं आणि ते खरंही आहे. पण मित्र गेल्यानंतर लिहिलेल्या कवितेत मेलेल्या सोबत्यांना पुन्हा गलबतावर बोलावणं हा निव्वळ उसना तपशील राहत नाही. लगेच पुढे तो म्हणतो, कदाचित आपण सुखाच्या बेटांना लागू, आणि तिथं अकिलीज भेटेल, आपल्या ओळखीचा. मेलेल्या मित्राची भेट हे या प्रवासाचं एक बंदर आहे, हे इथं सरळ सांगितलं जातं.

ही कविता छापून आल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1942मध्ये, 'विशाखा'त कुसुमाग्रजांचं 'कोलंबसाचे गर्वगीत' आलं. मराठी वाचकाच्या मनात या दोन कविता शेजारी बसतात. पण कोलंबस भर तुफानात आहे, आव्हान देतो आहे ते समुद्राला. युलिसिस अजून किनाऱ्यावर आहे आणि बोलतो आहे थकलेल्या माणसांशी. बळ गेलं आहे हे तो मान्य करतो. तारुण्य परत मागत नाही. उरलं आहे तेवढं खर्च करू, एवढंच त्याचं म्हणणं. पहिल्या भागात ज्याच्या तोंडी सतत 'मी' आणि 'माझं' होतं, तो शेवटच्या नऊ ओळींत एकदाही 'मी' म्हणत नाही. फक्त 'आपण'. प्रजेला तुच्छ मानणारा हा राजा इथं प्रथमच कुणाच्या तरी बरोबरीनं उभा राहतो. अखेरची ओळ दहा अक्षरांची, दहाही शब्द एकेक अक्षराचे. तीन क्रियापदं पुढे ढकलणारी, चौथं नकाराच्या रूपात, न वाकण्याचं.

दान्तेचं जहाज पाच महिने चालतं, दूर एक पर्वत दिसतो आणि मग भोवरा त्याला गिळतो. टेनिसनचं जहाज सुटतच नाही. हे धैर्य खरं ठरलं की नाही, हे 1833च्या त्या शरदात कवीलाच माहीत नव्हतं. हॅलमवरचं त्याचं मोठं काव्य, 'इन मेमोरियम', त्याच वर्षी सुरू झालं आणि प्रसिद्ध व्हायला 1850 साल उजाडलं.