काड्यापेट्या आणि कलम पंचवीस



गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एक प्राध्यापक बोलून गेले. माणूस चांगला, तळमळीचा. विषय होता 'भांडवलशाही आणि घर'. त्यांनी अमेरिकेतल्या लेव्हिटटाउन नावाच्या वसाहतीचा विमानातून काढलेला फोटो सगळ्यांच्या हातून फिरवला. हजारो घरं, सगळी एका मापाची, एका अंतरावर. म्हणाले, बघा, माणसातला माणूस मेला की अशी घरं होतात. मग मोबाईलवर 'लिट्ल बॉक्सेस' हे माल्व्हिना रेनॉल्ड्सबाईंचं गाणं लावलं, अर्थ सांगितला. सगळे हसले. मीही हसलो.

घरी येताना मात्र मला माझी कविता आठवली. दोन अंकांमागं छापून आलीय, तुम्ही वाचली असेल. तिच्यात मी आमच्या घरकुल वसाहतीला 'काड्यापेट्यांची चळत' म्हटलंय. छापून आली तेव्हा आईला वाचून दाखवली होती. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "काडंपेटी व्हय रं? ह्या काडंपेटीच्या कागदावर माजं नाव हाय. तुज्या आज्याचं नाव कशावर हुतं?" मी म्हणालो, आये, तुला कविता कळत न्हाई. विषय संपला.

त्या रात्री वाटलं, प्राध्यापकांचं हसणं आणि माझी कविता हा एकाच खात्यातून निघालेला माल आहे. तो कुठून आला ते बघावं म्हणून तिसरी पाळी सुटल्यावर डिक्शनरी शेजारी घेऊन लेव्हिटटाउनबद्दल मिळेल ते वाचत गेलो. त्यातून हे लिहितोय. इंग्रजी माझं मीच शिकलोय, कुठं चुकलो तर सांगा.

आधी हकीकत. दुसरं महायुद्ध १९४५ ला संपलं. लाखो सैनिक अमेरिकेत परतले, लग्नं झाली, पोरं झाली, पण राहायला जागा नाही. कोणी सासऱ्याच्या घरात, कोणी लष्कराच्या पत्र्याच्या खोपटात. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर बटाट्याची शेतं होती. ती अब्राहम लेव्हिट आणि त्याचे मुलगे विल्यम आणि आल्फ्रेड यांच्या कंपनीनं घेतली. १९४७ साली पहिली कुटुंबं राहायला आली. १९५१ पर्यंत तिथं १७,४४७ घरं झाली. सुरुवातीचं भाडं महिना ६० डॉलर. १९४९ पासून घर विकत मिळू लागलं, किंमत ७,९९० डॉलर. घर केवढं? ७५० चौरस फुटांचं, वर माळा, भोवती अंगण. माझा आजा नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिला. म्हणजे त्यांची एक पेटी आमच्या साडेचार खोल्यांहून मोठी. मुंबईत अशा २०७ बीडीडी चाळी सरकारनं बांधल्या, त्याही एकाच साच्याच्या. त्या साच्यावर कोणी गाणं केलेलं मला माहीत नाही.

घरं बांधायची पद्धत वाचताना मी गिरणी कामगार म्हणून थक्क झालो. गिरणीत कापूस हिंडतो, माणूस आपल्या यंत्रापाशी उभा. कापूस ब्लोरूममधून कार्डिंगला, तिथून रिंगफ्रेमला, मग वाइंडिंगला. लेव्हिटनं हे उलटं केलं. घर जागेवर, माणसं हिंडती. एका घराची २७ कामं पाडली. एक टोळी फक्त काँक्रीटचा थर ओतणार, तळघर नाहीच. दुसरी टोळी फक्त फरशी. रंगाऱ्यांतसुद्धा पांढरा मारणारा वेगळा, तांबडा मारणारा वेगळा. लाकूड आधीच मापात कापून ढिगानं टाकलेलं. दिवसाला ३० हून जास्त घरं उभी राहायची. कामगार युनियनचे नव्हते, मजुरी नगावर. नगावर मजुरी म्हणजे काय हे आपल्या मागवाल्यांना सांगायला नको. पण या घरांवर टीका करणाऱ्या नामांकित माणसांनी छप्परं मोजली. ती ठोकणाऱ्या हातांची चौकशी करणारा मला विरळाच सापडला.

आता ही टीका. लुइस मम्फर्ड हा शहरांचा मोठा विद्वान. त्याचं १९६१ चं 'द सिटी इन हिस्टरी' गाजलेलं पुस्तक. त्यात या उपनगरांवर एक जळजळीत परिच्छेद आहे. घरं सारखी, रस्ते सारखे, झाड नाही, टीव्हीवरचे कार्यक्रम सारखे, डब्यातलं बेचव जेवण सारखं. राहणारी माणसं एकाच वर्गाची, एकाच मिळकतीची, एकाच वयाची. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. वर्ग आला, मिळकत आली, वयसुद्धा आलं. कातडीचा रंग आला नाही. सगळ्यात मोठा सारखेपणा डोळ्यासमोर होता आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या यादीत तो नाही. रेनॉल्ड्सबाईंचं १९६२ चं गाणं सान फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीच्या घरांवरून सुचलेलं. बाई डाव्या विचारांच्या, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या गाण्यातही पेट्यांना रंग आहेत, आतल्या माणसांच्या रंगाबद्दल अवाक्षर नाही.

आणि त्या सारखेपणाचं पुढं काय झालं ते बघा. लोकांनी माळ्यावर खोल्या काढल्या, बाजूला पडव्या ओढल्या, छप्परं उचलली. मूळ अवस्थेतलं घर आज तिथं शोधून सापडत नाही. साचा लोकांनी स्वतःच मोडला. मोडलं नाही ते दुसरंच काही.

लेव्हिटटाउनवरचा सगळ्यात मोलाचा मजकूर कुठल्या पुस्तकात नाही, गाण्यात नाही. तो सुरुवातीच्या भाडेकराराच्या कागदात आहे. कलम २५. त्याचा आशय असा: कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज इतर कोणालाही भाडेकरूनं ही जागा वापरू देऊ नये, राहू देऊ नये. पुढं एक सवलत आहे: घरकामाचे नोकर मात्र चालतील.

साहित्य म्हणून वाचायचा मजकूर हा आहे. घरमालकानं घ्यायच्या इतर खबरदाऱ्याही होत्या. कुंपण घालू नये, गवत आठवड्याला कापावं, सुट्टीच्या दिवशी कपडे बाहेर वाळत टाकू नयेत. चड्ड्या कुठं वाळवायच्या याचा नियम आणि माणूस कुठं राहील याचा नियम, दोन्हीचा सूर एकच, कारकुनी. कुठं शिवी नाही, राग नाही. आणि ती नोकरांची सवलत! काळ्या माणसाच्या अंगाला काही लागत नाही, विटाळ नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. काळी बाई त्यांचं पोर कडेवर घेईल, त्यांचं अन्न शिजवील. अट एकच, संध्याकाळी तिनं आपलं म्हणून त्या वस्तीत दार उघडायचं नाही. आमच्या आजीनं गावात वाडे सारवले, त्यामुळं ही सवलत मला डिक्शनरीशिवाय कळली.

ही एका बिल्डरची लहर होती असं समजू नका. सरकारी एफएचए खातं १९३४ साली निघालं, ते घरकर्जाची हमी द्यायचं. १९४४ च्या कायद्यानं सैनिकांच्या कर्जालाही सरकारची हमी मिळाली. ती हमी नसती तर लेव्हिटला इतकं भांडवल उभं करता आलं नसतं. आणि एफएचएच्या नियमपुस्तकातच वंशाच्या अटी घालाव्यात अशी शिफारस होती. सुप्रीम कोर्टानं १९४८ साली अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. एफएचएला जाग यायला १९५० उजाडलं. लेव्हिटनं कलम कागदावरून काढलं, वहिवाट ठेवली. केनेथ जॅक्सनच्या १९८५ च्या पुस्तकात आकडा आहे: १९६० साली लाँग आयलंडच्या लेव्हिटटाउनमध्ये ८२ हजार माणसं, त्यात काळा एकही नाही. आजही शेकड्यात एखाद-दोन.

विल्यम लेव्हिट ज्यू होता, धर्मगुरूचा नातू. ज्यूंवर काय गुदरलं ते त्याला सांगायला नको होतं. त्याचं म्हणणं असं, की माझ्या मनात भेद नाही, पण एका निग्रो कुटुंबाला घर विकलं तर शेकडा नव्वद-पंच्याण्णव गोरी गिऱ्हाइकं यायची नाहीत. आपण घराचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही एकदम नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. तीन वर्षांपूर्वी गिरणीजवळ खोली बघायला गेलो होतो. मालकानं चहा दिला, आडनाव विचारलं, मग म्हणाला, "माझं काही नाही हो, पण बाकीचे भाडेकरू..." चहा चांगला होता.

कायद्याच्या आधारानं आत गेलेल्यांचं काय झालं? पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७ च्या ऑगस्टमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे काळे जोडपं मुलांसह राहायला आलं. एका गोऱ्यानं घर विकलं होतं, बिल स्वतः युद्धात सैनिक होता. पत्रं वाटायला आलेल्या पोस्टमननं दारोदार ओरडून बातमी केली. रात्री शेकडो माणसं जमली, खिडक्यांवर दगड पडले. जवळचं रिकामं घर विरोधकांनी अड्डा म्हणून घेतलं, गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या राज्यांचं निशाण लावलं, रात्री मोठ्यानं गाणी वाजवली. राज्याचे पोलीस गव्हर्नरनं धाडले. मायर्स कुटुंब हललं नाही, तिथंच काही वर्षं राहिलं. डेझीबाईंनी पुढं २००५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच १९५७ चा 'क्रायसिस इन लेव्हिटटाउन' हा माहितीपट मोबाईलवर बघायला मिळतो. जरूर बघा. गोऱ्या बायका नीटनेटक्या, शांतपणे कॅमेऱ्याशी बोलतात. काहीजणी मायर्सची बाजूही घेतात. आमची घरं एकसारखी आहेत याचं दुःख त्यांच्या बोलण्यात नाही. सोन्यासारखी जपलेली पेटी आहे ती, आणि भांडण आहे झाकणावरून.

एका विद्वानाचं मात्र कौतुक केलं पाहिजे. हर्बर्ट गान्स १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या तिसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये स्वतः घर घेऊन दोन वर्षं राहिला. 'द लेव्हिटाउनर्स' हे त्याचं पुस्तक १९६७ चं. तो सांगतो, सारख्या घरांनी माणसं सारखी होत नाहीत. लोक तिथं सुखात होते. विमानातून फोटो न काढता शेजाऱ्यांच्या पायरीवर बसलं की असं दिसतं. त्या वसाहतीत काळ्यांना घरं द्या म्हणून लेव्हिटशी कोर्टात लढावं लागलं. १९६० साली तो हरला, दार उघडलं. पुढं गावानं लेव्हिटचं नावही टाकलं, विलिंगबरो हे जुनं नाव घेतलं. आज तिथं काळ्यांची बहुसंख्या आहे.

मी प्राध्यापकांचं सगळंच खोडतोय असं नाही. लेव्हिट असंही म्हणाला होता, की स्वतःचं घर असलेला माणूस कम्युनिस्ट होऊ शकत नाही, त्याच्यामागं कामं फार. यात तथ्य आहे. आमच्या वसाहतीतही हप्ते सुरू झालेली माणसं मोर्चाला कमी येतात. पण यावर ज्याला टीका करायची त्यानं आधी हप्त्याचा दर विचारावा, आणि कर्ज कोणाला नाकारलं ते विचारावं. लाँग आयलंडच्या त्या आठ हजार डॉलरच्या घरांना आज काही लाख डॉलर पडतात. गोऱ्या कामगाराच्या पोरांना ती पुंजी मिळाली. घरविक्रीतल्या भेदाविरुद्धचा देशाचा कायदा १९६८ चा, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्यात झालेला. तोवर काळ्या कामगाराच्या ऐपतीबाहेर किमती गेल्या होत्या.

आपल्या पँथरनं १९७२ साली नाव त्यांच्याकडून घेतलं. बाबासाहेबांनी त्याआधीच, १९४६ मध्ये, डू बॉइस यांना पत्र लिहून आपल्या आणि त्यांच्या प्रश्नातलं साम्य मांडलं होतं. तेव्हा टीकाही त्यांच्याकडूनच शिकावी. लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' हे १९५९ चं नाटक वाचा. लॉरेन लहान असताना तिच्या बापानं शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, जमाव आला, दगड तिला थोडक्यात चुकला. बाप सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. नाटकातलं यंगर कुटुंब कोंदट जागेत राहतं, पोरगा बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो, मोरी शेजाऱ्यांत सामाईक. मेलेल्या नवऱ्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर येतात, म्हातारी मामा त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घराचा विसार देते. झोपायच्या तीन खोल्या, चार रोपं लावण्यापुरती माती. घर साच्याचं आहे का, हा प्रश्न तिला पडत नाही. मग लिंडनर येतो, गोऱ्या रहिवाशांच्या संघटनेचा माणूस. अत्यंत सभ्य. येऊ नका, आम्ही जादा पैसे देतो, म्हणतो. कलम २५ ला टोपी घातली की लिंडनर होतो.

अमिरी बराकासारख्या जहाल कवीनं तरुणपणी हे नाटक मध्यमवर्गीय म्हणून झटकलं होतं. घर घेणं म्हणजे काय क्रांती? १९८० च्या दशकात त्यानं लेख लिहून कबूल केलं की आम्ही चुकलो, हाच लोकांचा खरा लढा होता. एवढ्या मोठ्या कवीला पंचवीस वर्षं लागली. मला आईनं भाकरी थापता थापता सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कवितेतली ती ओळ मी परत घेतोय, संपादकांनी याची नोंद घ्यावी.

येत्या अभ्यासवर्गात या नाटकातला लिंडनर येतो तो प्रवेश वाचायचा आहे. मराठीत मी मोडकंतोडकं केलंय. मामा व्हायला तिघीजणी तयार आहेत. लिंडनर कोणीच व्हायला तयार नाही. प्राध्यापकांना निरोप धाडलाय, बघू.