बंपर उलटा करून पाहा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, मग लोखंडी बंपरचं का होऊ नये? तीही कुणीतरी विचार करून, किंवा न करता, बनवलेली वस्तू आहे. तिला रूप आहे, काम आहे आणि खोटेपणाही आहे. आज आपण थार, जिम्नी, जुनी जिप्सी अशा गाड्यांना बाहेरून बसवल्या जाणाऱ्या पोलादी बंपरबद्दल बोलणार आहोत. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हा बंपर पुढून विकला जातो, पण त्याची परीक्षा मागून आणि आतून होते. म्हणून दुकानात गेलो की आम्ही पहिली विनंती करतो, "दादा, जरा उलटा करून दाखवा." काही दुकानदार हसतात, काही कारणं सांगतात. तिथेच निम्मी समीक्षा होऊन जाते.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. एका पावसाळ्यात लोणावळ्याच्या बाजूला आमच्यातल्या एकाची गाडी चिखलात बसली. तिच्या नव्या बंपरला दोन जाडजूड हुक होते. पट्टा अडकवला, आमच्या गाडीने ओढायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या झटक्याला हुक उपटून आमच्याच गाडीच्या मागच्या दरवाज्यावर आदळला. पत्रा फाटला. तिथे कुणी उभं नव्हतं एवढंच नशीब. नंतर तुटलेली जागा पाहिली. हुक नुसता तोंडाच्या पत्र्यावर वेल्ड केलेला होता, मागे चॅसीशी त्याचा काही संबंधच नव्हता. वरून सुंदर काळं पावडर कोटिंग, म्हणून वेल्डिंग कसं आहे ते दिसायची सोयच नव्हती. आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच बंपरची "वा, काय दणकट आहे" अशी तारीफ आम्हीच केली होती. म्हणजे बनवणारा चुकला तसे पाहणारेही चुकले.

आता रूपाकडे येऊ. बाजारातल्या बहुतेक बंपरांची घडण ऑस्ट्रेलियातल्या बुल बारवरून आलेली आहे. तिथे ती घडण का झाली ते कळतं. शेकडो किलोमीटर निर्मनुष्य रस्ता, रात्रीचा वेग, आणि समोर अचानक कांगारू. रेडिएटर फुटला तर मदत यायला दिवस जाईल. आपल्याकडे रानडुक्कर आडवं येतं, गवाही येतो, नाही असं नाही. पण आपल्या गाडीसमोर सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? दुचाकीवरचं कुटुंब, सायकलवाला, रस्ता ओलांडणारी आजी. एका जागेचं उत्तर दुसऱ्या जागेवर चिकटवलं की काय होतं ते या नळ्यांच्या मोठ्या कमानींत दिसतं. दिव्यांवरून जाणारी ती कमान सह्याद्रीतल्या कुठल्याही चढावर उपयोगी पडल्याचं आम्ही पाहिलेलं नाही.

मग बंपर बदलायचाच कशाला? एक खरं कारण आहे. कंपनीचा बंपर रुंद आणि खाली असतो, तो चढाच्या पायथ्याशी टेकतो. आखूड बंपर लावला की टायरचं तोंड उघडं पडतं आणि दगडावर आधी टायर चढतो. दुसरं कारण विंचचं, ज्याला ती खरोखर लागते त्याच्यासाठी.

पण इथे वजनाचा हिशेब करायलाच हवा. ३ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा साधारण २३.५ किलो भरतो, ५ मिलिमीटरचा ३९ किलो. समजा विंचसकट ६० किलो वाढले आणि हे वजन पुढच्या आसाच्या ८०० मिलिमीटर पुढे लटकतंय. थारच्या दोन आसांतलं अंतर २४५० मिलिमीटर आहे. गणित केलं तर पुढच्या आसावर ६० नाही, जवळजवळ ८० किलो वाढतात, आणि मागचा आस २० किलोंनी हलका होतो. पुढच्या स्प्रिंगा दबतात, नाक खाली येतं. म्हणजे जो कोन मिळवायला बंपर घेतला त्यातलाच थोडा आपण परत देऊन टाकतो! "जाड पत्रा म्हणजे चांगला बंपर" हे वाक्य म्हणूनच आम्हाला मान्य नाही. तोंडाला ३ मिलिमीटर पुरतो. जाडी हवी ती चॅसीला बसणाऱ्या प्लेटांना आणि हुकाच्या कानांना. हे कान तोंडाच्या पत्र्यातून आरपार जाऊन मागच्या प्लेटला वेल्ड झालेले पाहिजेत. उलटा करून पाहायचं ते हेच.

आता फिनिशिंग. इथे सर्वांत जास्त फसवणूक होते, कारण इथे डोळा लगेच खूश होतो. गरम रोल केलेल्या पत्र्यावर निळसर काळी खपली असते, तिला मिल स्केल म्हणतात. ती सँड ब्लास्टिंगने काढली नाही तर रंग पत्र्याला नाही, खपलीला चिकटतो. पुढे खपली सुटते, सोबत रंग घेऊन जाते. पुष्कळ ठिकाणी पॉलिश पेपर फिरवतात, रेड ऑक्साइड मारतात आणि वर काळा रंग. शोरूममध्ये दोन्ही बंपर सारखेच दिसतात. फरक दुसऱ्या पावसाळ्यात कळतो, कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याहूनही लवकर.

पावडर कोटिंगचा दबदबा फार आहे. ते वाईट नाही. विजेच्या भाराने भुकटी चिकटते, साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती वितळून एकसंध थर होतो. पण त्याच्या दोन खोडी आहेत. आतल्या कोपऱ्यांत भुकटी नीट पोचत नाही, आणि धारदार कडेवर थर पातळ बसतो. म्हणून कडा घासून गोल केल्यात का, हे बोटाने तपासा. तिसरी गोष्ट आमच्या दृष्टीने महत्त्वाची: दगड लागून टवका उडाला की पाणी थराखाली शिरतं, गंज आतल्या आत पसरतो, आणि नीट दुरुस्ती करायची तर पूर्ण सोलून पुन्हा भट्टीत न्यायचं.

आता विचार करा, ऑफरोडचा बंपर म्हणजे ओरखडे पडण्यासाठीच केलेली वस्तू. मग सर्वांत देखणं फिनिश चांगलं, की घरी ब्रशने दुरुस्त करता येईल ते? आमचं मत दुसऱ्याला. ब्लास्टिंग, त्यावर झिंकयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर, वर टू-पॅक पीयू. किंवा समुद्राजवळ राहत असाल तर गॅल्व्हनायझिंग: सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवणं. ओरखडा पडला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. पण त्यासाठी प्रत्येक पोकळ भागाला भोकं ठेवावी लागतात. बंद पोकळीतली हवा आणि ओल तापून स्फोट होऊ शकतो, आणि पातळ पत्रा वाकूही शकतो. म्हणजे आराखडा काढतानाच फिनिशिंगचा विचार हवा. तसंही तळाला पाणी निथळायला भोकं नसलेला पेटीसारखा बंपर म्हणजे गाडीपुढे टांगलेला माठ!

शेवटी रस्ता आणि कायदा. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधाराने. ही नुसती कागदी कटकट नाही. कंपनीने गाडीचं नाक चेपण्यासाठी बनवलेलं असतं आणि एअरबॅग कधी उघडायची याचा हिशेब त्या चेपण्यावर बसवलेला असतो. आपण तिथे ताठ लोखंड लावलं की तो हिशेब बिघडतो. आणि पायी चालणाऱ्याला तर ते लोखंड थेट लागतं. म्हणून आमचा निकाल असा: रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला चॅसीला धरलेले चांगले रिकव्हरी पॉइंट आणि खालची स्किड प्लेट पुरते. पोलादी बंपर ट्रॅकवर नेण्यासाठी ठेवलेल्या गाडीला शोभतो. तोही आखूड, हलका आणि कमानीविना.

प्रश्न (श्रोत्यांमधून): सर, आमचा बंपर आधीच घेऊन झालाय. आता काय करायचं?

आधी चुंबक फिरवा. जिथे पकड ढिली वाटेल तिथे रंगाखाली लांबी भरलेली असू शकते, आणि लांबी वेल्डच्या जागी असेल तर सावध व्हा. मग खाली झोपून मागची बाजू बघा. हुक चॅसीपर्यंत पोचत नसेल तर तो आजच कापून टाका. नुसता वापरणार नाही म्हणू नका, कारण अडचणीत दुसरा कुणीतरी त्यालाच पट्टा अडकवेल. टवके उडालेत तिथे चकाकणारं लोखंड दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा, रात्रभर उघडं ठेवू नका. आतल्या पोकळीत पावसाळ्याआधी मेणाचा स्प्रे मारा. आणि हो, हे सगळं करताना बंपर गाडीवरून उतरवावा लागेल. उतरलाच आहे, तर परत चढवायचा का, हा विचारही तेव्हाच करा.