सिडनीच्या देवीच्या साथीची साधने व त्यांची चिकित्सा

इ. स. १७८८ च्या जानेवारीत इंग्रजांनी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहत घातली. पुढील वर्षाच्या एप्रिलात सिडनीच्या आसपासच्या मूळच्या लोकांत देवीची साथ उद्भवली आणि खाड्यांच्या काठी व खडकांच्या कपारींत प्रेते आढळू लागली. ही साथ आली कोठून, याविषयी विद्वानांत अद्यापि मतैक्य नाही. नोएल बटलिन यांनी १९८३ साली तिचा उगम इंग्रजांच्या तळावर असावा असे प्रतिपादिले. ज्यूडी कँपबेल यांनी २००२ साली निराळा पक्ष मांडला; उत्तर किनाऱ्यावर समुद्रकाकडी धरण्यास येणाऱ्या मकासारच्या कोळ्यांमार्फत ती खंडात शिरली, असे त्यांचे म्हणणे. या वादातील मूळ साधने येथे तपासावयाची आहेत.

पहिला साक्षी वॉटकिन टेंच. हा आरमारी पायदळातील अधिकारी साथीच्या वेळी तेथे हजर होता. त्याचा ग्रंथ १७९३ साली प्रसिद्ध झाला. तळटिपेत तो प्रश्न विचारतो: रोग येथलाच काय, फ्रेंच जहाजांनी आणला काय, की आमच्यापासून झाला? महत्त्वाची माहितीही त्याच तळटिपेत आहे. केप सोडल्यापासून सतरा महिन्यांत आपल्यांपैकी कोणास देवी आल्या नाहीत, असे तो सांगतो; शल्यवैद्यांनी देवीचे द्रव्य बाटल्यांतून आणले होते, हेही कबूल करतो; परंतु साथ त्यापासून झाली ही कल्पना विचारासही अपात्र ठरवितो. येथे कबुली व अभिप्राय निराळे केले पाहिजेत. स्वपक्षास अडचणीची कबुली विश्वसनीय होय. अभिप्रायास कारण दिलेले नाही, सबब त्याचे वजन अल्प. तथापि त्या बाटल्या कोणी उघडल्याचा पुरावा टिपेत नाही. आणि इतके महिने उष्ण हवेत ते द्रव्य टिकले असेल काय, ही शंका बटलिन यांच्या पक्षास बाधते.

दुसरे प्रमाण शब्दाचे. त्या लोकांत देवीस ‘गलगला’ असे नाव होते, म्हणून रोग त्यांस जुनाच, असे अनुमान काढण्यात आले. परंतु हा शब्द टिपला गेला तो साथ उद्भवल्यानंतर. घरोघरी माणसे मेल्यावर रोगास नाव पडण्यास कितीसा काळ लागतो? हे प्रमाण लंगडे आहे. उलट, उत्तरेकडून साथ आल्याची त्या वर्षांतील लेखी नोंद नाही, एवढ्यावरून कँपबेल यांचा पक्ष खोडणेही योग्य नव्हे. जेथे लिहिणारा कोणी नव्हता तेथे कागदाची अपेक्षा व्यर्थ होय.

तिसरा प्रश्न संख्येचा. गव्हर्नर फिलिप १७९० च्या पत्रात त्या भागातील निम्मे लोक मेले असे लिहितो. हा आकडा मोजणीचा नसून आपल्यापाशी असलेल्या एका देशी माणसाच्या सांगण्यावर बसविलेला अंदाज आहे. परंतु डेव्हिड कॉलिन्स हा न्यायाधिकारी कॅडिगल टोळीत तीनच माणसे उरल्याचे नमूद करतो. दोन्ही उल्लेख जुळवून पाहता संहाराविषयी शंका राहत नाही.

तात्पर्य, उगम सिद्ध नाही. परिणाम सिद्ध आहे. आणि उगम कोणताही ठरो, ज्यांच्या मासेमारीच्या जागा वर्षभरापूर्वीच परक्यांनी व्यापिल्या, त्यांवर ही आपत्ती कोसळली. तिचे सर्व लेखक व्यापणाऱ्यांच्या पक्षाचे. मेलेल्यांचा एकही कागद नाही, ही गोष्ट या साधनांवर निर्णय देणाराने प्रथम ध्यानी धरावी.