केनेसेथ एलियाहूचा जीर्णोद्धार

मुंबईच्या काळा घोडा भागातील केनेसेथ एलियाहू या ज्यू प्रार्थनामंदिराचा जीर्णोद्धार २०१९ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातून त्यास पारितोषिक दिले. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालील या कामाचे कौशल्य निर्विवाद आहे. विशेषतः रंगीत काचांवरील श्रम कोणासही मान्य व्हावेत. तथापि ‘मूळ’ कशास म्हणावे, याविषयी मतभेदास जागा आहे. जेकब ससून यांनी पित्याच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये बांधविलेले रूप तेवढे मूळ, आणि पुढील काळात चढलेला, मुंबईकरांच्या ओळखीचा झालेला फिकट निळा रंग आगंतुक, असाच निवाडा येथे दिसतो. त्या रंगाच्या जागी आता गडद निळा व पांढरा आला आहे.

मराठीभाषी बेने इस्राएलांची दृष्टी निराळी होती. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये स्थापिलेली ‘जुनी मशीद’ (सिनेगॉगला ते मशीदच म्हणत) त्यांनी १८६० मध्ये नव्यानेच उभारली. वास्तू बदलली, उपासना खंडित झाली नाही. बगदादी ज्यूंची मुंबईतील संख्या मात्र आज अत्यल्प आहे. तेव्हा त्यांच्या उत्तरकाळाची साक्ष देणारा तो फिकट निळा रंग निदान एका भिंतीवर तरी राखण्याजोगा होता.