धुऊन वापरायची गाळणी

मोटारसायकलच्या इंजिनतेलासाठी पोलादी जाळीची, धुऊन पुन्हा वापरता येणारी गाळणी मिळते. ‘कागदी गाळणी फेकावी लागते, ही वर्षानुवर्षे टिकते, म्हणून हीच चांगली’, असे तिच्या बाजूने सांगितले जाते. हा युक्तिवाद तपासून पाहू.

गाळणीची पारख आधी गाळण्यावरून व्हायला हवी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बेअरिंगमधला तेलाचा थर याहून कितीतरी पातळ. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे कणही झीज घडवतात. जाळीच्या छिद्राहून बारीक कण सरळ पार होतात. कागदातील तंतूंच्या गुंत्यात त्यांपैकी काही अडकतात. जाळीतून तेल सहज वाहते, हा तिचा गुण मात्र खरा. आपल्याकडील अनेक १०० सीसी गाड्यांत जाळीच असते, पण तिच्या जोडीला वेगाने फिरणारे पात्रही असते; त्याच्या भिंतीवर जड कण साचतात. म्हणजे तिथेही भिस्त एकट्या जाळीवर नाही.

दुसरा प्रश्न : जाळी धुतलेले रॉकेल जाते कुठे? ते गटारात ओतले, तर वाचवलेल्या कागदाचे मोल उरत नाही. तेलाने माखलेली कागदी गाळणी उकिरड्यावर टाकणे हेही तितकेच वाईट. दोन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय निवाडा करता येणार नाही.

वर्गात खडूची पूड पाण्यात कालवून चहाच्या गाळणीतून आणि गाळणकागदातून गाळून पाहा. कोणते पाणी अधिक गढूळ राहते, आणि कोणती गाळणी आधी तुंबते?