संमीलन आणि वर्गीकारक अवकाश : एका प्रमेयाच्या सिद्धतेचे परीक्षण

गणितातील प्रमेयाविषयी ते सत्य आहे काय, एवढा एकच प्रश्न विचारण्याची सर्वसाधारण रीत आहे. तथापि प्रमेय सिद्ध झाल्यानंतरही एक प्रश्न शिल्लक राहतो : मिळालेली सिद्धता प्रमेयाच्या आशयातून उद्भवलेली आहे, की दुसऱ्याच एखाद्या विशाल ज्ञानसंचयाच्या आधारावर तोललेली आहे? सांत गटांचे वर्गीकारक अवकाश आणि त्या गटांतील संमीलन यांचा संबंध सांगणाऱ्या मार्टिनो-प्रिडी प्रमेयाच्या इतिहासावरून या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व चांगले लक्षात येते.

प्रथम संमीलन म्हणजे काय ते पाहू जाता, ग हा सांत गट, प ही मूळ संख्या आणि स हा ग चा सिलो प-उपगट असे समजावे. स मधील दोन घटक स च्या आत परस्परांशी संयुग्मी नसतील. परंतु ग मधील एखाद्या बाहेरच्या घटकाच्या योगाने ते तसे होऊ शकतात. नांदेडच्या एका गल्लीतील दोन घराण्यांत आपसात काही नाते नसावे, आणि लातूरकडील तिसऱ्या घराण्याच्या द्वारा ती एकमेकांची सोयरी निघावीत, तसाच हा प्रकार होय. बाहेरून जुळलेल्या अशा सर्व नात्यांची स वर केलेली नोंद म्हणजे ग ची संमीलन-व्यवस्था.

चौरसाच्या आठ सममितींचा गट घेतला तर त्यात दोन कोटीचे पाच घटक सापडतात : एक अर्धवर्तन आणि चार परावर्तने. गटाच्या आत त्यांचे तीन वर्ग पडतात. हाच गट चार वस्तूंच्या २४ क्रमचयांच्या गटात सिलो २-उपगट म्हणून बसविला की वर्ग दोनच उरतात. सहा वस्तूंच्या ३६० सम क्रमचयांच्या गटात बसविला की पाचही घटक एकाच वर्गात येतात. आणखी लक्षणीय गोष्ट अशी, की १६८, ३६० आणि २५२० घटकांचे तीन साधे गट मूळ संख्या २ च्या दृष्टीने एकच संमीलन-व्यवस्था दाखवितात. आकाराने इतके भिन्न असलेले हे गट या एका दृष्टीपुरते अभिन्न होत.

आता संस्थितिशास्त्राची बाजू. प्रत्येक गटाला एक वर्गीकारक अवकाश असतो; त्याचा मूलभूत गट म्हणजे मूळचा गटच, आणि त्याचे वरच्या मितींतील होमोटॉपी-गट शून्य असतात. हा अवकाश अखंड हाती असेल तर गट ओळखण्यात काहीच कौशल्य नाही. परंतु बाउसफील्ड व कान यांनी १९७२ मध्ये मांडलेली प-पूर्ती त्यावर केली, म्हणजे केवळ मूळ संख्या प शी निगडित असलेला आशय उरतो. या अवशेषात गटाचे नेमके काय टिकते? कार्तान व आयलेनबर्ग यांच्या १९५६ च्या ग्रंथावरून एवढे स्पष्ट होते, की प-गुणकांची कोहोमॉलॉजी संमीलनावरून काढता येते. मार्टिनो व प्रिडी यांनी १९९६ मध्ये याहून पुष्कळच बळकट विधान पुढे ठेवले : दोन गटांचे प-पूर्त वर्गीकारक अवकाश होमोटॉपीच्या दृष्टीने तुल्य असणे आणि त्यांची संमीलन-व्यवस्था एकच असणे, या दोन गोष्टी समानार्थक आहेत. अवकाशाकडून संमीलनाकडे जाणारी बाजू त्यांनी सिद्ध केली. उलट बाजू बॉब ऑलिव्हर यांनी विषम मूळ संख्यांसाठी २००४ मध्ये व २ साठी २००६ मध्ये पूर्ण केली.

ऑलिव्हर यांच्या कार्याचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. संमीलनावरून अवकाश उभारताना कोणता अडसर येतो तो त्यांनी नेमका दाखविला आणि तो उच्च सीमा-गटांत राहतो हे ओळखून त्या गटांचे शून्यत्व सिद्ध केले. परंतु हे शून्यत्व सिद्ध करताना साध्या सांत गटांच्या वर्गीकरणाचा आश्रय घेऊन त्या गटांची कुटुंबे तपासावी लागली. हे वर्गीकरण सुमारे दहा हजार पानांत विखुरलेले आहे, आणि त्यातील एक मोठी उणीव अॅश्बाकर व स्मिथ यांच्या २००४ च्या ग्रंथाने भरून निघाली. म्हणजे प्रमेय सत्य ठरले. ते सत्य का, हे मात्र यादीच्या आड राहिले.

ही उणीव केवळ सौंदर्यदृष्टीची नव्हे. ब्रोटो, लेव्ही व ऑलिव्हर यांनी २००३ मध्ये कोणत्याही गटाचा उल्लेख न करता, केवळ काही अटींवर, संमीलन-व्यवस्थेचा होमोटॉपी-सिद्धान्त उभारला होता. शिवाय कोणत्याही गटापासून न निघणाऱ्या व्यवस्था अस्तित्वात आहेत. १९७४ मध्ये सॉलोमन यांना असा एक नमुना आढळला होता. लेव्ही व ऑलिव्हर यांनी २००२ मध्ये त्यातून व्यवस्था रचल्या, आणि रुईझ व विरुएल यांनी २००४ मध्ये मूळ संख्या ७ साठी आणखी तीन दाखविल्या. जेथे गटच नाही तेथे गटांची यादी कोणता आधार देणार? प्रत्येक व्यवस्थेला तिचा अवकाश आहे आणि तो एकमेव आहे, हे चर्मक यांनी २०१३ मध्ये सर्वसाधारणपणे सिद्ध केले. त्यांच्या युक्तिवादातही वर्गीकरणाचा एक धागा शिल्लक होता. तो ग्लाउबरमन व लिंड यांनी २०१६ मध्ये काढून टाकला. येथे प्रथमच सिद्धता प्रमेयाच्या आशयाला समव्याप्त झाली.

यावर असा आक्षेप संभवतो, की निर्दोष सिद्धता मिळाल्यावर तिच्या साधनांविषयी तक्रार करणे व्यर्थ होय. या आक्षेपात तथ्यांश आहे. अमुक व्यवस्था कोणत्याही गटाची नाही हे ठरविताना वर्गीकरणाची गरज आजही अनेक ठिकाणी पडते. तथापि साधन आवश्यक असणे आणि सोयीचे असणे यांत भेद आहे, आणि तो भेद शोधणे हेही गणितच होय. २००६ मध्येच समाधान मानले असते तर चर्मक यांचा व्यापक सिद्धान्त हाती येता ना.

नांदेडच्या विष्णुपुरी परिसरात १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठातील आणि त्याच्या लातूर उपपरिसरातील पदव्युत्तर अभ्यासकांच्या दृष्टीने या भेदाला व्यावहारिक अर्थ आहे. दहा हजार पानांच्या वर्गीकरणावर त्यांना केवळ विश्वास ठेवावा लागतो; सिलोच्या प्रमेयांपासून सुरू होऊन संमीलनामार्गे अवकाशापर्यंत पोचणारी वाट मात्र कठीण असली तरी पायी चालून पाहता येते. तिची पहिली पायरी संमीलनाच्या अटी मुखोद्गत करण्यात नाही. चौरसाच्या आठ सममिती कागदावर मांडून तीन वर्गांचे दोन आणि दोहोंचा एक कसा होतो हे स्वतः पाहण्यात ती आहे.