घडी आणि घडण : जनुकसंचाची रचना व मेंदूतील पेशींची ओळख

एकाच देहातील सर्व पेशींचे वंशद्रव्य एक, आणि तरीही त्यांची रूपे व कार्ये परस्परांहून इतकी भिन्न, हे जीवशास्त्रातील जुने कोडे आहे. मेंदूच्या बाबतीत ते विशेष तीव्र होते. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि जवळजवळ तितक्याच संख्येने त्यांच्या आधारपेशी आहेत. मोठ्या मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे वरच्या करड्या थरातील, बहुतेक चेतापेशी जन्माच्या सुमारास सिद्ध होतात व पुढे विभागत नाहीत. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या या पेशीही ऐंशीच वर्षांच्या असतात. दरम्यान पेशीतील प्रथिने असंख्य वेळा झिजतात आणि नव्याने घडतात. तथापि डोपामीन स्रवणारी पेशी डोपामीनच स्रवत राहते. ती आपली ओळख विसरत नाही. मग ही ओळख कोठे नोंदलेली असते?

गेल्या दोन दशकांत या प्रश्नाला एक आकर्षक उत्तर मिळाले आहे. प्रत्येक पेशीकेंद्रात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जागेत घडी घालून ठेवलेला असतो. ही घडी पेशीगणिक निराळी असते. कोणता जनुक कोणाच्या शेजारी यावा, कोणता मिटून ठेवावा, हे तिच्यामुळे ठरते. सबब पेशीची ओळख तिच्या घडीत असते, असे हे उत्तर आहे. संशोधनपर लेखांच्या शीर्षकांतून आणि उपसंहारांतून हे विधान आता इतक्या सहजतेने येते की ते सिद्ध प्रमेय आहे असा विद्यार्थ्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्याच्या पोटात तीन भिन्न विधाने दडलेली आहेत : घडी ही ओळखीचे गमक आहे; घडी ही ओळखीचे कारण आहे; आणि घडी ही ओळखीची राखणदार आहे. या तिहींचे पुरावे सारख्या बळाचे नाहीत.

कॉन्राड वॉडिंग्टन यांनी १९५७ साली पेशींच्या विकासाचे एक प्रसिद्ध चित्र मांडले. डोंगरउतारावरून घरंगळणारी गोटी फुटत जाणाऱ्या दऱ्यांपैकी एकीत शिरते आणि तिच्या तळाशी स्थिरावते. तीच पेशीची अंतिम ओळख. या चित्राच्या भाषेत प्रश्न असा मांडता येईल : जनुकसंचाची घडी ही गोटीला अडवून धरणारी दरीची भिंत आहे, की गोटी गेल्यावर मागे उरलेली चाकोरी आहे? कार्यकारणभाव ठरवण्यासाठी आपल्या तर्कशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या आहेत. कारण असता कार्य असणे हा अन्वय. कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. या क्षेत्रातील साहित्य दोन्ही कसोट्यांवर पारखले म्हणजे त्याचे बळाबळ स्पष्ट होते.

अन्वयाची बाजू समृद्ध आहे यात शंका नाही. योब डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली गुणसूत्राचे कोणते भाग परस्परांच्या निकट आहेत हे मोजण्याची रीत दिली. २००९ साली एरेझ लिबरमन एडन प्रभृतींनी तिचा विस्तार सबंध जनुकसंचापर्यंत केला. ही रीत हाय-सी या नावाने ओळखली जाते. तिच्या साहाय्याने जनुकसंचाचे सक्रिय व निष्क्रिय असे दोन विभाग दिसून आले. २०१२ साली असेही आढळले की गुणसूत्र सीमाबद्ध संपर्कक्षेत्रांत विभागलेले असते आणि एका क्षेत्रातील भाग मुख्यतः आपसातच भेटतात. या सीमांवर सीटीसीएफ हे प्रथिन बहुधा आढळते. कोहेसिन हे कड्यासारखे प्रथिन धाग्याचे वेटोळे ओढत नेते आणि सीटीसीएफपाशी अडते, अशी त्यामागील यंत्रणेची आजची उपपत्ती आहे.

मेंदूकडे वळता, बोयान बोनेव्ह प्रभृतींनी २०१७ साली उंदराच्या मूलपेशीपासून बाह्यकातील चेतापेशीपर्यंतच्या प्रवासात घडी अनेक पातळ्यांवर बदलत जाते हे दाखवले. २०२१ साली लाँगझी टॅन प्रभृतींनी उंदराच्या बाह्यकातील व हिप्पोकॅम्पसमधील ३,६४६ पेशींची त्रिमितीय रचना एकेका पेशीनिशी काढली. केवळ रचनेवरून पेशींचे सर्व प्रमुख प्रकार वेगळे करता आले. २०२३ साली तीन मानवी मेंदूंच्या ४६ भागांतील ५ लाख १७ हजार पेशींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८८ प्रकार नोंदले गेले. चेतापेशींत जवळच्या अंतरावरील संपर्क अधिक, तर इतर पेशींत दूरच्या अंतरावरील अधिक, असा ढोबळ भेदही त्यात दिसला. हाही नियम सर्वव्यापी नाही. त्याच वर्षी असे आढळले की लहान मेंदूतील कणपेशी चेतापेशी असूनही आयुष्यभर अतिदूरचे संपर्क वाढवीत जातात.

घडी हे ओळखीचे गमक आहे, एवढे यावरून निःसंशय सिद्ध होते. तरी दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होऊ नये. हाय-सीचा नकाशा हा फॉर्माल्डिहाइडने जखडलेल्या क्षणाचा आणि बहुधा लक्षावधी पेशींच्या सरासरीचा असतो. त्यातील ‘संपर्क’ म्हणजे सान्निध्याची संभाव्यता होय, प्रत्यक्ष संवाद नव्हे. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. २०२३ च्या उपरोक्त अभ्यासात पेशींचे प्रकार मुख्यतः डीएनएच्या मेथिलीकरणावरून पाडले गेले व मग प्रत्येक गटाची घडी वाचली गेली. ओळख एका गमकाने आधीच ठरवून दुसरे गमक तिच्याशी जुळते असे दाखवणे हे साहचर्याचे निदर्शक आहे. टॅन यांचा निष्कर्ष स्वतंत्रपणे रचनेवरून निघालेला असल्यामुळे अधिक वजनदार ठरतो. परंतु तोही प्रमुख प्रकारांपुरता आहे.

कारणाची दिशा कोणती, हा पुढचा प्रश्न. आना पोम्बो यांच्या गटाने २०२१ साली पेशीकेंद्राचे अतिपातळ छेद घेऊन मेंदूतील तीन प्रकारच्या पेशींची घडी तपासली. जे लांबलचक जनुक एखाद्या प्रकारात जोराने वाचले जातात, त्यांची घडी तेथे जणू वितळून सैल पडते, असे त्यात दिसले. येथे वाचनामुळे घडी मोडते की घडी मोडल्यामुळे वाचन सुलभ होते, हे केवळ निरीक्षणाने सांगता येत नाही. उलट बाजूने, बोनेव्ह यांनी मूलपेशींत काही जनुक कृत्रिम रीतीने चालू करून पाहिले. वाचन सुरू झाले. संपर्कक्षेत्राची नवी सीमा मात्र उभी राहिली नाही. म्हणजे घडी ही वाचनाची निव्वळ सावलीही नव्हे. दोहोंपैकी कोणतीही एक दिशा सर्वत्र लागू पडत नाही.

व्यतिरेकाची कसोटी अधिक कठोर आहे, आणि येथेच लोकप्रिय विधान डळमळते. पहिला दाखला निसर्गानेच दिलेला आहे. गर्भावस्थेत डोळ्याचे दृष्टिपटल मेंदूच्याच भागापासून वाढते. इरिना सोलोवेई प्रभृतींनी २००९ साली दाखवले की निशाचर सस्तन प्राण्यांच्या दंडपेशींत पेशीकेंद्राची मांडणी संपूर्ण उलटी असते. एरवी कडेला राहणारे निष्क्रिय क्रोमॅटिन मध्यभागी गोळा होते आणि सक्रिय भाग कडेला जातो. त्यामुळे पेशीकेंद्र सूक्ष्म भिंगासारखे काम करते व अंधूक प्रकाश कमी विखुरतो. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांच्या दंडपेशींत मांडणी नेहमीचीच असते. दोन्ही दंडपेशीच आहेत. दोन्ही पाहण्याचेच काम करतात. तेव्हा मध्य आणि कड यांचा भूगोल म्हणजे ओळख नव्हे, हे मान्य करावे लागते.

दुसरा दाखला प्रयोगशाळेतील आहे. २०१७ साली मानवी आतड्याच्या कर्करोगपेशींतून कोहेसिन काढून टाकले असता वेटोळी जवळजवळ सर्व नाहीशी झाली. जनुकांच्या वाचनात मात्र बेताचाच फरक पडला. हा प्रयोग काही तासांचा व ओळख आधीच पक्की झालेल्या पेशींवरचा आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच विभाजन थांबलेल्या चेतापेशींवर २०२२ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग महत्त्वाचे ठरतात. उंदराच्या चेतापेशींतून कोहेसिन नाहीसे केले असता फॉस व आर्क यांसारखे जनुक, ज्यांची वेटोळी आखूड असतात, उद्दीपनानंतर पूर्ववत जागे होऊ शकले. ज्यांच्या वाचनाला दीर्घ वेटोळ्यांचा आधार लागतो ते मात्र बाधित झाले. याआधी २०१९ साली प्रौढ उंदरांच्या लहान मेंदूतील कणपेशींतून कोहेसिन काढले गेले होते. त्या उंदरांची हालचालींशी निगडित नवे शिकण्याची क्षमता बिघडली. घडी गेली तेव्हा प्रथम उणावले ते पेशीचे सामर्थ्य, हा भेद ध्यानी घेण्यासारखा आहे.

तिसरा दाखला उलट अंगाने येतो. मारियस वेर्निग यांच्या गटाने २०१० साली उंदराच्या संयोजी ऊतकातील पेशींत जनुकवाचनाचे नियमन करणारी केवळ तीन प्रथिने निर्माण करवून त्यांना चेतापेशींचे रूप दिले. त्या पेशींची मूळ घडी त्वचेखालच्या साध्या पेशीची होती. ती या परिवर्तनाच्या आड येऊ शकली नाही. ओळख प्रस्थापित करण्याचे कर्तृत्व प्रथमतः अशा नियामक प्रथिनांकडे जाते.

मग घडी निष्प्रभ आहे काय? असे म्हणणेही तितकेच एकांगी होईल. ज्या ठिकाणी पेशीला अनेकांतून थोड्यांची निवड करावी लागते, तेथे तिचे कर्तृत्व प्रत्यक्ष दिसते. प्रोटोकॅडेरिन या प्रथिनांचे पन्नासहून अधिक जनुक मानवाच्या पाचव्या गुणसूत्रावर तीन समूहांत ओळीने बसलेले आहेत. प्रत्येक चेतापेशी त्यांतील काही निवडते आणि त्या निवडीच्या खुणेवरून आपल्या शाखा व परक्या पेशींच्या शाखा यांतील भेद ओळखते. पेशीच्या व्यक्तित्वाला याहून समर्पक उदाहरण सापडणे कठीण. २०१५ साली च्यांग वू यांच्या गटाने या समूहाच्या दूरस्थ वर्धकातील, म्हणजे जनुकाचे वाचन वाढवणाऱ्या भागातील, सीटीसीएफच्या बसण्याच्या जागा फक्त उलट्या दिशेने फिरवल्या. डीएनएची अक्षरे तीच राहिली, दिशा तेवढी पालटली. तेवढ्याने वेटोळ्यांचा रोख बदलला व जनुकांचे वाचनही बदलले. घ्राणपेशींचा दाखलाही असाच आहे. उंदराच्या प्रत्येक घ्राणपेशीत हजाराहून अधिक घ्राणग्राही जनुकांपैकी एकच बोलतो. स्टाव्ह्रोस लोमवार्डास यांच्या गटाने २०१२ साली दाखवले की उरलेले जनुक एकत्र गोळा होऊन मिटलेले असतात. आणि पेशीकेंद्राच्या आवरणातील एक प्रथिन बळेच निर्माण करवून तो गोळा विस्कटला असता ‘एक पेशी, एक जनुक’ ही शिस्त मोडते. येथे व्यतिरेक सिद्ध झाला आहे, म्हणूनच कारणतेचा दावा येथे शोभतो.

ही चिकित्सा शब्दच्छलापुरती नाही. मनोविकारांशी संबंध असलेले डीएनएतील बहुतेक फरक जनुकांच्या बाहेरच्या प्रदेशांत आढळतात. असा फरक कोणत्या जनुकाला बाधतो हे ठरवण्यासाठी आता संपर्कांचे नकाशे वापरले जातात. २०१६ साली विकसनशील मानवी बाह्यकाच्या नकाशावरून छिन्नमनस्कतेशी निगडित एक प्रदेश दूरच्या फॉक्सजी-१ या जनुकाला भेटतो असे दिसले. संशोधक तेथेच थांबले नाहीत. चेतापेशींच्या पूर्वजपेशींत जनुकसंपादन करून तो प्रदेश त्या जनुकाच्या वाचनावर परिणाम करतो याचा पुरावा त्यांनी मिळवला. हा दुसरा टप्पा गाळून केवळ सान्निध्यावरून जनुकांच्या याद्या करणे म्हणजे काकतालीय न्यायाला शास्त्राचे पद देणे होय. आणि त्या यादीच्या पाठी लागून वर्षे व श्रम वेचणारे पुढचे संशोधक त्याची किंमत मोजतात. उलटपक्षी घडीची यंत्रणा क्षुल्लकही मानता येत नाही. कोहेसिनला डीएनएवर चढवणाऱ्या प्रथिनाचा जनुक दोहोंपैकी एकाच प्रतीत बिघडला तरी कॉर्नेलिया डी लांगे हा विकार उद्भवतो आणि मुलांच्या बौद्धिक वाढीवर त्याचा परिणाम होतो. अशा मुलांत चेतापेशी चेतापेशीच राहतात. त्यांचे वाचन मात्र अनेक ठिकाणी थोडेथोडे चुकत जाते.

सर्व पुरावा एकत्र पाहता घडीला ओळखीचे गमक म्हणणे निर्विवाद आहे. दूरच्या वर्धकांवर अवलंबून असलेल्या जनुकांपुरते आणि प्रोटोकॅडेरिनसारख्या निवडीच्या स्थळांपुरते तिला कारण म्हणणे सयुक्तिक आहे. इतरत्र ती सहकारी कारण आहे; कुंभाराच्या चाकासारखे तिचे साहाय्य आवश्यक असते, परंतु मडक्याचा घाट चाकाने ठरत नाही. राखणदारीचे विधान मात्र अजून पुराव्याच्या प्रतीक्षेत आहे. त्यासाठी प्रौढ मेंदूतील पेशीची घडी दीर्घकाळ मोडून ठेवून तिची ओळख टिकते किंवा कसे, हे पाहावे लागेल. काही तासांचे वा दिवसांचे प्रयोग त्याला पुरेसे नाहीत.

संसाराची घडी बसते ती घरातील माणसांच्या वागण्यातून. एकदा बसली म्हणजे तीच त्यांच्या वागण्याला वळण लावू लागते. ती विस्कटली तर माणसे तीच राहतात, पण घरातील कामे अडू लागतात. चेतापेशीच्या केंद्रातील घडीविषयी आजवरचा पुरावा बहुतांशी हेच सांगतो. त्यापुढे जाऊन घडी मोडल्यावर माणसेच परकी होतात असे म्हणावयाचे असेल, तर ते दाखवून देण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर आहे.